मुक्तछंद म्हणजे नुसत्या तोडलेल्या ओळी का? छंद, वृत्त, अलंकार कोणी सोपं करून सांगेल का

दुधनाकाठ
नमस्कार सगळ्यांना. मी परभणीत बी.ए. सेकंड इयरला आहे, गाव सेलू तालुक्यात. कविता नववीपासून लिहायले, वहीत नाही, मोबाईलच्या नोट्समधी. मागच्या महिन्यात एका कविसंमेलनात पहिल्यांदा स्टेजवर वाचली. टाळ्या पडल्या पण खाली उतरल्यावर एका ज्येष्ठ कवींनी बाजूला बोलावून सांगितलं की बाळ ही कविता नाही, हे गद्य आहे, एंटर मारून मारून ओळी तोडल्यास तू, आधी छंद शिक, वृत्त शिक, अलंकार बघ, मग स्टेजवर ये. ते रागावून नव्हते बोलत, म्हणून जास्त लागलं. आठ दिवस झाले एक ओळ लिहिली नाही.

शाळेत अलंकार होते पण ते दोन मार्काचे, लक्षण लिहा उदाहरण द्या, पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरले. ओवी, अभंग, श्लोक, गझल, मुक्तछंद यात नेमका फरक काय ते मला आजही सांगता येत नाही. लघु गुरू मोजायला बसले की डोकं गरगरतं. आणि हे सगळं शिकल्याशिवाय कविता लिहायचीच नाही का?

ही ती कविता, सुरुवातीच्या चार ओळी टाकते:

आई कापूस वेचते
तिच्या बोटांना बोंडाची टोकं टोचतात
पांढऱ्या रानात ती
एखाद्या ढगासारखी दिसते

खरं खरं सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

---

जुना_मास्तर_अंबाजोगाई
पोरी, तुझी पहिली ओळ बोटावर मोजून बघ. आ-ई-का-पू-स-वे-च-ते. आठ अक्षरं. तू मोजली नव्हतीस ना? तरी आठ आली. आपल्या भाषेत हे आठाचं माप इतकं मुरलेलं आहे की माणूस मन लावून बोलायला लागला की आपोआप येतं. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं आणि आता निवृत्त आहे, वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर तुकड्या तुकड्यानं वाच.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढ की छंद म्हणजे बाहेरून आणलेला साचा. तू ज्या भागातली आहेस तिथंच मराठी कविता चालायला शिकली. आमच्या अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, विवेकसिंधु परंपरेनं शके १११० म्हणजे इ.स. ११८८ चा मानतात आणि तो ओवीत आहे. ज्ञानेश्वर पैठणजवळच्या आपेगावचे, नामदेव हिंगोलीकडच्या नरसीचे, जनाबाई गंगाखेडच्या, गोरोबाकाका तेरचे, एकनाथ पैठणचे, रामदास जांबचे. ओवी, अभंग, भारूड, श्लोक हे सगळं गोदावरीच्या आसपासच आहे, तुला लांब जायची गरज नाही.

आता मोजायचं कसं. मराठीत मोजण्याच्या तीन रीती आहेत आणि पोरं तिन्ही एकदम शिकायला बसतात म्हणून डोकं गरगरतं. पहिली नुसती अक्षरं मोजायची, ऱ्हस्व दीर्घ बघायचं नाही, हा झाला अक्षरछंद, ओवी अभंग यातले. दुसरी म्हणजे लघु गुरूची ठरलेली रांग पाळायची, कुठल्या जागी लघु आणि कुठल्या जागी गुरू हे पक्कं, हे अक्षरगणवृत्त, श्लोक यात येतात. तिसरीत मात्रा मोजायच्या, लघुची एक आणि गुरूच्या दोन, बेरीज जुळली पाहिजे, मधली अक्षरं किती का असेनात, ही मात्रावृत्तं, त्यांनाच जाती म्हणतात. मोरोपंतांची आर्या ही यातली. तू पहिल्या रीतीपासून सुरू कर, बाकीच्या दोन आपोआप कळतील.

अभंग दोन प्रकारचा. मोठ्या अभंगात चार चरण, अक्षरं ६-६-६-४, आणि यमक दुसऱ्या तिसऱ्या चरणात. हे बघ, आत्ता तुझ्यासाठी बसल्या बसल्या केलं:

आभाळाच्या पोटी / दडला पाऊस / शिवारात ऊस / वाळलेला

मोज. सहा, सहा, सहा, चार. पाऊस-ऊस यमक. चौथा चरण आखूड का? कारण तिथं टाळ वाजतो, म्हणणारा श्वास घेतो, ऐकणाऱ्याच्या मनात ती राहिलेली जागा भरते. लहान अभंगात दोनच चरण, आठ आठ अक्षरांचे, दोन्हीला यमक:

मृग गेला रे कोरडा / नुस्ता ढगांचा ओरडा

तुझी पहिली ओळ या मापाची आहे. तिचा जोडीदार तुझ्याच दुसऱ्या ओळीत लपलेला आहे. "तिच्या बोटांना बोंडाची टोकं टोचतात" यातलं फालतू काढ आणि टोचतातच्या जागी बोचते घाल:

आई कापूस वेचते
बोंड बोटाला बोचते

झालं. यात एक बोचते सोडलं तर माझं काहीच नाही, बाकी शब्द तुझेच आहेत. वेचते-बोचते हे यमक, आणि बोंड, बोटाला, बोचते हा ब परत परत येतो तो अनुप्रास. अनुप्रास शोभेला नाही आला इथं, ब म्हणताना ओठ तीनदा मिटतात, तीनदा टोचल्यासारखं होतं. अलंकार कशासाठी असतो ते यातच आहे बघ. यमकाबद्दल एक लक्षात ठेव, नुसतं शेवटचं ते-ते जुळलं की यमक झालं असं पोरं समजतात, मग येते जाते बसते हसते करत सुटतात. इथं "चते" जुळलंय, म्हणून कानाला गोड लागतं. शास्त्रातला यमक अलंकार अजून कडक आहे, तीच अक्षरं परत यायची पण अर्थ वेगळा पाहिजे.

आता तुझी ढगाची ओळ. "एखाद्या ढगासारखी" ही उपमा. आई उपमेय, ढग उपमान, सारखी हा जोडणारा शब्द. पण चौथी गोष्ट लागते, साधर्म्य, म्हणजे दोघांत समान काय. आई पांढरी नाही, कापूस पांढरा आहे. आई हलकी नाही, दिवसभर वाकून तिची कंबर मोडलेली असते. मग ढग कशात? याचं उत्तर तुझ्याजवळ असेल तर ती ओळ ठेव, नसेल तर ती फक्त छान दिसते म्हणून आलेली आहे.

हीच आई आणि हाच ढग घेऊन अलंकार कसे बदलतात ते बघ, पाठ करायची गरज पडणार नाही. आई ढगासारखी, ही उपमा. आई जणू ढगच, ही उत्प्रेक्षा, जणू, वाटे, भासे हे तिचे शब्द. आई हाच माझा ढग, हे रूपक, आता दोघांत फट राहिली नाही. ही आई नव्हेच, हा ढग आहे, म्हणजे समोरचं सरळ नाकारलं, ही अपन्हुती. ढग तरी हुलकावणी देतो, आई देत नाही, म्हणजे उपमेय उपमानाच्या वर नेलं, हा व्यतिरेक. आणि बोंडं आईकडं बघून हसली म्हणालीस तर निर्जीवाला माणसागत वागवलं, ती चेतनगुणोक्ती. एकच आई, पण प्रत्येक वेळी तू तिच्याकडं वेगळ्या जागेवरून बघायलीस. म्हणून अलंकार आधी ठरवून वापरता येत नसतो, आधी तू कुठं उभी आहेस ते ठरतं.

लघु गुरूचं थोडक्यात. अ इ उ लागलेलं अक्षर लघु, आ ई ऊ ए ऐ ओ औ गुरू, अनुस्वाराचा ठसका असला की गुरू, आणि जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर आला तर ते मागचं गुरू. तीन अक्षरांचा एक गण. आठ गण लक्षात ठेवायला "यमाताराजभानसलगा" एवढा एक शब्द पुरतो, य गण कसा ते विसरलीस तर य पासून तीन अक्षरं म्हण, यमाता, लघु गुरू गुरू. र गण? राजभा, गुरू लघु गुरू. असा हा शब्दच आठही गणांची किल्ली आहे. य गण चारदा घेतला की भुजंगप्रयात, मनाचे श्लोक २०५ च्या २०५ याच वृत्तात आहेत, लहानपणी म्हटले असशील तर ते तुझ्या कानात आहेच. त्याच चालीवर हे म्हणून बघ: नभी मेघ आला तशी माय आली. न-भी-मे, घ-आ-ला, त-शी-मा, य-आ-ली. चालीवर म्हणता आलं ना? मग तुला भुजंगप्रयात येतं.

---

गंगाखेडची_लेक
सरांनी लई छान सांगितलं पण मला ओवीबद्दल थोडं बोलायचंय कारण ओवी म्हटलं की सगळे ज्ञानेश्वरीवर जातात आणि बायांची ओवी राहून जाते. ताई तू म्हणतीस मोजायला बसले की डोकं गरगरतं, माझ्या आज्जीला अक्षर ओळख नव्हती, अंगठा उठवायची, पण तिची ओवी कधी चुकली नाही. पहाटं चारला उठून दळायला बसायची, समोर चुलत आज्जी, दोघी मिळून खुंटा धरायच्या, आणि जातं एक फेरा फिरलं की ओवीचा एक तुकडा. हेच तिचं माप. कमी पडलं की मधी गं घालायची, बाई घालायची, लांबवायची. ह्या गं ला लोक भरतीचा शब्द म्हणतात, माझ्या मते तो दगडाचा फेरा पुरा करायचा शब्द आहे. तिची एक मला पाठ आहे:

दळता दळता माझं दळण सरलं
बंधवाच्या वाटे मन माझं गं उरलं

मी आत्ता सरांचं वाचून मोजलं, दोन्ही ओळीत सहा आणि आठ, सहा आणि आठ. अंगावर काटा आला मला. तिनं कधी मोजलं असेल? आणि सरलं-उरलं बघा, एक संपलं आणि एक शिल्लक राहिलं, दोन उलट्या गोष्टी यमकात बसवल्यात बाईनं. शेवटपर्यंत भाऊ नेहायला आला का नाही ते ओवीत सांगितलेलंच नाही, वाटंवर मन राहिलं एवढंच.

जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं फार मोठं काम झालंय, पारी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या वेबसाईटवर ग्राइंडमिल साँग्ज म्हणून आहे, लाखाच्या वर ओव्या आहेत, बायांच्या आवाजात ऐकायला पण मिळतात. त्यात आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या आहेत त्या नक्की ऐक. पुस्तकातून छंद शिकण्याआधी दहा ओव्या कानानं ऐक आणि मांडीवर हात मारत म्हणून बघ.

आणि आमच्या जनाबाईचं अर्धं जग जात्यापाशीच आहे की. विठ्ठल दळू लागतो, पाणी भरतो, हे तिनं देवाला माणसासारखं केलं, ह्याला कोणता अलंकार म्हणायचा ते सर सांगतील, मला तर तो अलंकार वाटतच नाही, तिला खरंच तसं दिसत असेल.

---

मोकळी_ओळ_नांदेड
मी थोडं वेगळं बोलतो, सरांचा मान ठेवून.

बहीण, तुझी दुसरी ओळ सरांनी छाटली पण मला तीच ओळ सगळ्यात आवडली होती. "तिच्या बोटांना बोंडाची टोकं टोचतात", ही ओळ लांब आहे, अडखळती आहे, जीभ अडकते, आणि वेचणी तशीच असते. पहिली ओळ आखूड आणि सरळ, दुसरी लांब आणि खडबडीत, हा सुद्धा एक ताल आहे. तुझ्या ज्येष्ठ कवींना तो ऐकू आला नाही म्हणून तो नाही असं होत नाही.

मुक्तछंद म्हणजे छंद नाही असं नसतं, नावातच छंद आहे. कवी अनिलांनी मराठीत तो रुजवला तेव्हा पण लोक हेच म्हणायचे. मुक्तछंदात अक्षरांचा हिशोब नसतो पण लय असते, ती कशानं येते? एखादा शब्द परत परत येतो, ओळ कुठं तोडली त्यानं येते, बोलण्याचा श्वास असतो, वाक्यांची बांधणी सारखी ठेवली की येते. ओळ तोडणं हे तर मुक्तछंदातलं सगळ्यात मोठं हत्यार आहे. तुझ्याच कवितेत बघ, "पांढऱ्या रानात ती" इथं तोडलंस, तर "ती" एकटी उभी राहिली, आजूबाजूला सगळं पांढरं रान. हे मुद्दाम केलंस का? नसेल केलं तर आता कळलं ना, पुढच्या वेळी मुद्दाम कर. पण "एखाद्या ढगासारखी दिसते" ही ओळ मात्र सैल आहे, तिथं सरांचं म्हणणं बरोबर आहे. मुक्तछंदात तर एक शब्द पण फुकट चालत नाही, कारण झाकायला यमक नसतं.

आणखी एक. औरंगाबादला मिलिंद कॉलेजच्या आसपास, अस्मितादर्श या नियतकालिकाच्या अंकांतून जी दलित कविता आली ती बहुतेक मुक्तछंदात आली. त्यांना छंद येत नव्हता म्हणून का? ज्यांच्या घरात जलसे आणि भीमगीतं होती त्यांना लय कोण शिकवणार. पण जे सांगायचं होतं ते सहा-सहा-सहा-चार मधी बसवलं असतं तर ऐकणाऱ्यानं मान डोलवली असती, आणि त्यांना मान डोलवून नको होती. तर कोणता आकार घ्यायचा हे तुला काय सांगायचंय त्यावर ठरव, आणि कोणाच्या भीतीनं ठरवू नको.

---

जुना_मास्तर_अंबाजोगाई
नांदेडकरांचं म्हणणं मला मान्य आहे, आणि ती लांब ओळ मी जरा घाईनंच छाटली हेही मान्य. फक्त एवढंच म्हणेन की वामनदादा कर्डकांनी त्याच वेदनेला छंदात, गाण्यात बांधलं आणि ते खेड्यापाड्यातल्या अक्षर न येणाऱ्या माणसापर्यंत पोचलं, तोंडपाठ झालं. पाठ व्हायचं तर छंद लागतो. म्हणून दोन्ही येऊ द्या. छंद येत असताना मुक्तछंद लिहिणं आणि छंद येत नाही म्हणून मुक्तछंद लिहिणं यात फरक पडतो, माझ्या विद्यार्थ्यांत मी तो कायम बघत आलो.

लेकीनं विचारलंय जनाबाईचं. विठ्ठल हा निर्जीव नाही तिच्यासाठी, तेव्हा चेतनगुणोक्ती म्हणता येणार नाही. मला वाटतं तुमचंच बरोबर आहे, तिथं नाव द्यायला जाऊ नये. नाथांच्या भारुडात मात्र उघड रूपक आहे, विंचू चावला म्हणतात तो काम-क्रोधाचा विंचू, वर वर नाच-गाणं आणि आत परमार्थ. भारूड बघताना लहान पोरगं विंचवाला हसतं आणि म्हातारं माणूस गप्प होतं, रूपक दोघांना दोन ठिकाणी गाठतं. आणि अनुप्रासाची मजा बघायची असेल तर औरंगाबादच्या अमृतरायांचे कटाव मोठ्यानं वाचा, धाप लागते.

---

शेरोशायरी_संभाजीनगर
गझलचं कोणीच बोललं नाही म्हणून मी. ताई गझल ऐकली की वाटतं दुःखाची कविता, तसं नाही, गझल हा आकार आहे आणि लई कडक आकार आहे. आणि तो पण आपल्याच गावचा म्हणा, सतराव्या शतकातला शायर वली औरंगाबादचा, तो १७०० साली दिल्लीला गेला आणि त्याचं ऐकून दिल्लीचे शायर फारसी बाजूला ठेवून आपल्या बोलीत गझल लिहायला लागले. त्याच्या मागून आलेल्या शायर सिराजची कबर आजही शहरात आहे. मराठीत माधव जूलियनांनी ती आणली आणि सुरेश भटांनी घराघरात नेली.

उदाहरण माझंच देतो, कच्चं असलं तर सांगा:

किती लांब गावाकडे वाट आहे
पुढे रान काळे, धुके दाट आहे

जुनी गोधडी मायची पांघरावी
हिवाळ्यात हा केवढा थाट आहे

"आहे" परत परत जसाच्या तसा येतोय तो रदीफ. त्याच्या आधी वाट, दाट, थाट हा काफिया. दोन ओळींचा एक शेर, पहिल्या शेरात दोन्ही ओळींना काफिया-रदीफ लागतो, त्याला मतला म्हणतात, पुढं प्रत्येक शेरात फक्त दुसऱ्या ओळीला. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक शेर स्वतंत्र कविता असतो, वाटेचा गोधडीशी संबंध असलाच पाहिजे असं नाही. निदान पाच शेर झाले की गझल म्हणायची.

आता गंमत बघा सर. मोजा: कि-ती-लां, ब-गा-वा, क-डे-वा, ट-आ-हे. लघु गुरू गुरू चार वेळा. उर्दूत याला मुतकारिब म्हणतात, फऊलुन चार वेळा. म्हणजे तुमचं भुजंगप्रयातच! जांबच्या समर्थांचा श्लोक आणि औरंगाबादच्या मुशायऱ्यातली गझल एकाच ठेक्यावर चालू शकतात, मला हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी रात्रभर मनाचे श्लोक तरन्नुममधी, म्हणजे गझलेसारखे गाऊन म्हणत बसलो होतो.

एक सावध करतो, वेचते-बोचते हे ओवी-अभंगात मस्त आहे पण गझलेत काफिया म्हणून चालणार नाही. तिथं जुळणाऱ्या अक्षरांच्या आधीचा स्वर पण सारखा लागतो, त्याला अलामत म्हणतात. वे मधी ए, बो मधी ओ, जुळत नाही. वाट-दाट-थाट मधी तिन्हीकडं आ आहे.

बाकी हायकू तीन ओळींचा, मूळ जपानी माप ५-७-५, मराठीत शिरीष पैंनी आणला. सुनीत चौदा ओळींचं. ते नंतर बघितलं तरी चालेल.

---

दुधनाकाठ
किती दिवसांनी आज परत उघडलं आणि एवढं सगळं वाचून डोळे भरून आले, खरंच. सर, ताई, दोन्ही दादा, सगळ्यांचे उपकार.

रविवारी गावाकडं होते. आईसोबत वेचायला गेले आणि ताईंनी सांगितलं तसं ओळी मनात म्हणत म्हणत वेचत होते. एक हात एक बोंड, दुसरा हात दुसरं बोंड, आणि आठ अक्षरं बरोबर चार बोंडात बसायली. सरांनी विचारलं होतं ना आई आणि ढगात समान काय, त्याचं उत्तर मला रानात सापडलं. आई ढगासारखी नाहीच. तिच्या कंबरेला बांधलेली ओटी हळूहळू फुगत जाते ती ढगासारखी आहे. मी इतके वर्षं बघायले आणि चुकीच्या जागी ढग लावला होता. असं झालंय:

आई कापूस वेचते
बोंड बोटाला बोचते
तिच्या ओटीत साचते
ढग थोडे

चौथी ओळ आठाची करायचा लई प्रयत्न केला, होईना, लांब केली की बिघडते. तशीच आखूड ठेवली, चुकलं असेल तर सांगा.

---

जुना_मास्तर_अंबाजोगाई
चुकलं? अगं पोरी ही ओवी झाली! मी अभंग सांगितला आणि तू ओवीवर जाऊन उभी राहिलीस. पहिले तीन चरण एका यमकाचे, चौथा आखूड आणि यमक सोडून दिलेला, हाच ग्रंथातल्या ओवीचा बांधा, तिला साडेतीन चरणी म्हणतात ते यासाठीच. ज्ञानेश्वरीत, विवेकसिंधूत हाच. तिथं चरणांना अक्षरांची पक्की संख्या पण नसते, तू उलट आठ आठ सांभाळलंयस. आणि "सारखी" गेलं, "जणू" पण गेलं, कापूस सरळ ढगच झाला. ही उपमेवरून रूपकाकडं आलेली वाट आहे आणि ती तू रानात चालून आलीस.

---

शेरोशायरी_संभाजीनगर
भारी झालंय, मनापासून. पण एक खटकतंय म्हणून बोलतो. "साचते ढग थोडे" हे व्याकरणात बसत नाही, ढग थोडे म्हणजे अनेकवचन, साचतात पाहिजे. यमकासाठी क्रियापद ओढून घेतलंय. हा दोष चांगल्या चांगल्या कवींत असतो पण ओवी एवढी नितळ असताना तो डोळ्यात जातो.

---

मोकळी_ओळ_नांदेड
सहमत. आणि ते दुरुस्त करताना साचते हा शब्द जाऊ देऊ नको, तो फार चांगला आलाय. ढग बदल. एकवचनी, नपुंसकलिंगी काहीतरी बघ.

---

गंगाखेडची_लेक
आभाळ?

---

दुधनाकाठ
ताई!!

आई कापूस वेचते
बोंड बोटाला बोचते
तिच्या ओटीत साचते
आभाळ थोडे

शेवटच्यात आता पाच अक्षरं झाली पण सरांनी सांगितलंय की संख्या पक्की नसते म्हणून ठेवली. काल फोनवर आईला म्हणून दाखवली. ती आधी काहीच बोलली नाही, मग म्हणली चांगलं हाय पण कापूस साचत नसतो गं, पाणी साचतंय, कापूस भरतो. मी म्हणलं आई पण मी कापूस नाही म्हणले, आभाळ म्हणले. ती म्हणली, मग बरोबर हाय, आभाळात पाणीच असतंय, पण आपल्याकडं थोडंच.

"थोडे" मी ओळ भरायला घातला होता. त्याचा हा अर्थ मला माहीतच नव्हता, आईनं सांगितल्यावर कळला.

आता दुसरी ओवी संध्याकाळची आहे, रानाच्या कडंला काटा लावतात आणि बाया आपापल्या ओट्या मोकळ्या करतात, किलोवर मजुरी असते. दोन चरण झालेत:

काट्यावर ओटी रिती
किलो किलोची गणती

रिती-गणती जुळतंय का हो सर? का इथं पण नुसतं ती-तीच झालंय?

---

जुना_मास्तर_अंबाजोगाई
ती-तीच झालंय. कापसाचं वजन करताना काय काय बोलतात लोक ते आठव, भाव, पावती, कट्टे, गाठोडं, सगळे शब्द वहीत उतरव आणि त्यातली जोडी शोध. "काटा" मात्र सोडू नको कुठल्याही परिस्थितीत. पहिल्या ओवीत बोंड बोचतंय आणि दुसरीत वजनाचा काटा आलाय, एकाच शब्दात तो टोचणारा पण आहे आणि तोलणारा पण, हा श्लेष तुला फुकट मिळालाय.